वास्तव्याचा पुरावा



या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी माझ्या निवडीच्या वेळी मतपत्रिका कोणी कोणाच्या घरून गोळा केल्या आणि फेरमोजणी कोणाच्या हट्टापायी झाली, हे आपणांस ठाऊकच आहे. म्हणून मी त्याची उजळणी करीत नाही. साहित्यात राजकारण नको, असे गेल्या खेपेस येथूनच निक्षून सांगणाऱ्या गृहस्थांनी यंदा मतांसाठी किती गावांची धूळ मस्तकी लावली, एवढेच आपण स्मरणात ठेवावे.

मला बोलायचे आहे ते राज्यकारभाराविषयी. चौसाळा हा एके काळी विधानसभेचा स्वतंत्र मतदारसंघ होता. २००८ च्या परिसीमनात तो नकाशावरून गेला आणि तेव्हापासून येथील प्रत्येक समारंभात, मग तो बारशाचा का असेना, त्याचे सुतक पाळले जाते. सुतक रास्त आहे. परंतु एक आमदारकी गेली म्हणून ज्यांचा कंठ अद्याप दाटून येतो, त्यांना मी विनयपूर्वक विचारतो, की ज्यांच्यासाठी ग्रामपंचायतीची एक जागाही कायद्याने कधी वेगळी राखली गेली नाही, त्या वैदू, मसणजोगी, नंदीवाले, गोंधळी यांनी कोणाच्या गळ्यात पडून रडावे?

नोकरीत आणि शिक्षणात सरकारने विमुक्त-भटक्यांचे चार गट पाडले, त्यांना मिळून अकरा टक्के वाटा दिला, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. ग्रामपंचायतीच्या दारात मात्र हेच सरकार ते चारही गट 'नागरिकांचा मागास प्रवर्ग' या एकाच पोत्यात ओतते. आणि ज्या जमातीची गावात चार पाले, तिने शेकडो उंबऱ्यांच्या जातींशी लढत द्यावी, अशी अपेक्षा करते. २०२१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या प्रवर्गाचे सत्तावीस टक्केच संकटात आले, तेव्हा राज्यभर काहूर उठले. त्या काहुरात चार पालांची आठवण किती पुढाऱ्यांना झाली?

आणि उमेदवारीसाठी जातीचा दाखला हवा. दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा! ज्यांना सरकार स्वतःच्या कागदावर 'भटके' म्हणून लिहिते, त्यांच्याकडूनच ते एका जागी राहिल्याचा लेख मागते; असा विनोद मराठीतील एकाही विनोदकाराला सुचला नाही. माझे वडील नंदीबैल घेऊन गावोगाव फिरत. लहानपणी त्यांचे बोट धरून मी एका कचेरीत गेलो, तेव्हा कारकुनाने १९५४ सालचे खासरा पाहणीपत्रक मागितले. वडील म्हणाले, "साहेब, जमीन असती तर बैल नाचवला असता का?" कारकून हसला आणि अर्ज परत केला. त्या परत आलेल्या अर्जाची घडी मी अजून जपून ठेवली आहे, आणि माझ्या पुस्तकांवर कटुतेचा आरोप करणाऱ्या समीक्षकांना ती दाखविण्यास मी केव्हाही तयार आहे.

वस्तुतः दप्तर सरकारचेच आहे. इंग्रजी मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आणि निजामी अमलातही तशाच कायद्याखाली ज्या जमातींची हजेरी ठाण्यात घेतली गेली, त्यांचे आजे-पणजे कोठे होते, हे सरकारला त्यांच्या नातवंडांपेक्षा अधिक ठाऊक असावयास हवे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठवाड्यातील उर्दू आणि मोडी दप्तरे धुंडाळून कुणबी नोंदी शोधल्या. ते योग्यच झाले. तेवढीच उठाठेव आमच्यासाठी का नको? बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने आमची दैन्यावस्था २००८ साली केंद्र सरकारपुढे मांडली. त्या थोर माणसाचा अहवाल आज कोणत्या कपाटात पडला आहे, हेही एकदा कळू द्यावे.

साहित्याने आमच्या लेखकांना आपले द्वार उघडले, हे खरे. 'उपरा'ला १९८१ चा आणि 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराने ग्रामसभेत खुर्ची मिळत नाही, आणि दिल्लीत शाल पांघरलेल्या लेखकाचा भाऊ गावात गायरानावरच पाल टाकतो.

म्हणून अभिनंदनाचे आणि आभाराचे ठराव नंतर घ्या. पहिला ठराव माझा आहे: पंचायत राज्यात विमुक्त-भटक्यांचा स्वतंत्र वाटा असावा, आणि वास्तव्याचा पुरावा सरकारने स्वतःच्या दप्तरातून शोधून द्यावा. तो हात वर करून मंजूर करा, आणि सोमवारी माझ्याबरोबर बीडच्या जिल्हाधिकारी कचेरीत चला.