पाहुण्यांचा सत्कार आणि मुलांचे मन
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



परदेशी पाहुण्यांच्या आदरातिथ्याविषयी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ती आम्ही शिरसावंद्य मानली. परंतु उपदेश करण्यासाठी नव्हे, तर आमच्या हातून घडलेली एक चूक आपणांपुढे मांडण्यासाठी.

परकीय साहाय्य आपल्याकडे नवे नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदासदन उघडले, त्यामागे अमेरिकेतील हितचिंतकांनी दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे वचन होते. पुढे १९३७ साली स्पेनमधील यादवी युद्धाने निराधार केलेल्या मुलांसाठी जॉन लँग्डन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकाराने एक योजना काढली. एका देणगीदाराने एका मुलाचा भार उचलावा आणि उभयतांत पत्रव्यवहार असावा, अशी ती कल्पना. त्याच स्नेहापोटी आज पाहुणे आपल्या खेड्यांपर्यंत येतात.

आमच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. मुले बरोबर गेली तर शाळा सुटते, मागे राहिली तर आई दुरावते. मागे राहिलेल्या अशा काही मुलांचा खर्च परदेशी कुटुंबे चालवितात. गेल्या पौषात त्यांपैकी एक वृद्ध दांपत्य आले. त्यांचा मुक्काम आपल्याच ज्ञातीतील एका घरी होता. दुभाष्याचे काम आमच्याकडे आले. भांडवल मॅट्रिकपुरत्या इंग्रजीचे.

मुलांना सकाळपासून हार घेऊन उन्हात उभे केले होते. स्वागतगीत झाले. बाईंनी पाचवीतल्या मुलाला जवळ घेऊन विचारले, ‘‘तुला सर्वांत जास्त काय हवे?’’ तो म्हणाला, ‘‘मला आईकडं कोपीवर जायचंय.’’

आम्हांस संकोच वाटला. एवढ्या थाटात हे रडगाणे कशाला? आम्ही इंग्रजीत सांगितले, ‘‘त्याला डॉक्टर व्हायचे आहे.’’ टाळ्या पडल्या.

दोन महिन्यांनी टपालाने शरीरशास्त्राचे एक सुंदर सचित्र पुस्तक आले. मुलाने ते उलटसुलट पाहिले आणि विचारले, ‘‘गुरुजी, मी असं कधी म्हणलो?’’ खोटे बोलू नये, हे वाक्य जन्मभर आम्ही फळ्यावर लिहिले. त्या दिवशी उत्तर देता आले नाही.

आम्ही बाईंना पत्र लिहून खरी हकीकत कळविली. त्यांच्या उत्तरात रोष नव्हता. ‘त्याची आई किती दूर आहे?’ एवढेच त्यांनी विचारले होते. बंधुभगिनींनो, तो प्रश्न आपण आधी विचारावयास हवा होता.

म्हणून आमची विनंती अशी. पाहुण्यांना आपण घरच्यासारखे पिठले-भाकरी वाढावी, पाटावर बसवावे. पण मुलांकडून उपकाराचे प्रदर्शन करवू नये. आईबापांच्या संमतीवाचून त्यांची छायाचित्रे काढू देऊ नयेत. मूल बोलेल तेच पाहुण्यांना सांगावे. परदेशी देणगीस २०१० च्या कायद्याची बंधने आहेत, म्हणून हातोहात पैसाही कोणी घेऊ नये.

आणि संक्रांतीस एकदा प्रत्येक मुलाला आईपर्यंत नेऊन आणण्याचा एस. टी. चा खर्च आपण ज्ञातीने उचलावा. त्यासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून ५०१ रुपये आम्ही आज चिटणीसांच्या हवाली करीत आहोत. परके लोक सातासमुद्रांपलीकडून येतात. आपणांस तर कोपीपर्यंतच जावयाचे आहे.