ज्ञानाच्या वहीतील कोरी पाने



पावसाळ्यात विहिरीच्या काठावर निळसर-हिरवा बुळबुळीत थर धरतो. आपण पाय जपून टाकतो आणि पुढे जातो. अशा थरात बहुधा नीलहरित जीवाणू असतात. झाडांप्रमाणेच ते सूर्यप्रकाश, पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून अन्न बनवितात आणि प्राणवायू सोडतात. पानांतील हरितलवकेही अशाच प्राचीन जीवाणूंपासून आली, असे शास्त्रज्ञ मानतात.

याच कुळातील 'सिनेकोसिस्टिस ६८०३' या जीवाणूची संपूर्ण जनुकीय लिपी जपानच्या काझुसा डीएनए संशोधन संस्थेने १९९६ साली प्रसिद्ध केली. प्रकाशावर अन्न बनविणाऱ्या सजीवांत हा पहिलाच मान. डीएनएच्या लिपीत अक्षरे चारच: ए, टी, जी आणि सी. या जीवाणूच्या गुणसूत्रात ती सुमारे ३५ लाख ७३ हजार भरली! एवढा लांब धागा सलग वाचता येत नाही. त्याचे तुकडे करावे लागतात, एकेक तुकडा वाचावा लागतो आणि सारखी टोके जुळवून मूळ क्रम लावावा लागतो. हे मोठ्या चिकाटीचे काम आहे.

या लिपीत प्रथिनांची सुमारे ३,१६८ जनुके असावीत, असे आढळले. मात्र त्यांपैकी निम्म्याहून अधिक जनुकांचे कार्य तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. शास्त्रज्ञांनी ही गोष्ट लपविली नाही. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणूनच त्यांनी जगापुढे मांडले.

पुढचा मार्गही या जीवाणूनेच सुकर केला. जनुकाचे काम ओळखायचे, तर ते बंद पाडून काय बिघडते ते पाहायचे. पण प्रकाशसंश्लेषणच थांबले तर जीव जगणार कसा? हा जीवाणू ग्लुकोजवरही वाढतो. त्यामुळे बिघाड होऊनही तो जिवंत राहतो आणि त्याचा अभ्यास करता येतो.

विद्यार्थी मित्रांनो, "सर, मला समजले नाही" असे म्हणण्यास लाजू नका. विज्ञान तेथूनच सुरू होते. आणि पालकहो, मुलाने अथवा मुलीने प्रश्न विचारला आणि उत्तर ठाऊक नसले, तर रागावून गप्प बसवू नका. "चल, आपण मिळून शोधू," एवढेच म्हणा. त्या कोऱ्या पानांपैकी एखादे कदाचित तुमची मुलगीच भरील.