भिंगातून दिसणारे शिवार



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘जवळून छायाचित्रे घेण्यासाठी लेन्स कशी निवडावी’ असे कळविले. ते ऐकून चालक थोडे घुटमळले. या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, सहकार असे भारदस्त विषय. त्यांच्या पंगतीत लेन्सच्या खरेदीला पाट कसा मांडावा, हा त्यांच्यापुढे प्रश्न पडला असावा. आपल्यापैकीही कित्येकांना वाटत असेल की, हा खिशात चार पैसे खुळखुळणाऱ्या हौशी मंडळींचा विषय आहे. म्हणून आरंभी माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. लेन्स चुकली तर काय होते, हे त्यावरून कळेल.

उसावरचा लोकरी मावा आपल्याला विसरता येणार नाही. जुलै २००२ मध्ये तो प्रथम शेजारच्या सांगली जिल्ह्यात आढळला आणि पाहता पाहता कृष्णा-पंचगंगेच्या काठचे फड त्याने व्यापले. पान उलटावे तो खालच्या बाजूला कापूस पिंजून ठेवल्यासारखा पांढरा थर! दुसऱ्या वर्षी आमच्या फडात तो दिसला, तेव्हा माझ्याकडे फिल्मचा कॅमेरा आणि एक झूम लेन्स होती. लेन्सवर ‘मॅक्रो’ अशी अक्षरे छापलेली होती आणि त्या अक्षरांवर माझा पूर्ण विश्वास होता. माव्यावर जगणारे काही मित्रकीटक असतात, असे मी वाचले होते. ते आपल्या फडात आहेत का, हे फोटो काढून जाणकाराला दाखवावे, तोवर फवारणी थांबवावी, असे मी चुलत्यांना विनवले. ते थांबलेही. चार दिवसांनी फोटो धुऊन आले. तात्यांनी ते उन्हात धरून पाहिले आणि म्हणाले, “पोरा, ह्यात नुसता कापूसच दिसतोय की. किडं कुठं हाईत?”

त्यांचे म्हणणे खरे होते. पानही दिसत होते, पांढरा थरही दिसत होता. त्या थरात कोण आहे, ते मात्र दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी फवारणी झाली. पुढे पंधरवड्याने कोल्हापूरच्या एका स्नेह्याची खरी मॅक्रो लेन्स मागून आणली आणि शेजाऱ्याच्या फडात तसेच एक पान टिपले. त्या कापसात रेशमी जाळीच्या आडोशाला एक अळी बसलेली होती आणि ती मावा खात होती. ती डिफा. तिच्याच जोडीला मायक्रोमस नावाच्या तपकिरी, जाळीदार पंखांच्या कीटकाची चपळ पिल्लेही माव्यावरच ताव मारतात. हे दोघे पुढे मुद्दाम वाढवून उसात सोडले गेले आणि मावा आटोक्यात आणण्यात त्यांचा मोठा हात लागला. आमच्या फडात फवारणीपूर्वी ते होते की नव्हते, हे मला आजही सांगता येत नाही. सांगता आले असते. पण माझ्या हातात लेन्स चुकीची होती.

असो. आता त्या चुकीतून शिकलेले शास्त्र सांगतो. लेन्स घेताना दुकानदार किंमत आणि कंपनी सांगतो. आपण मात्र त्याला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: ही लेन्स वस्तूचे चित्र प्रत्यक्ष किती मोठे पाडते? कॅमेऱ्याच्या आत पूर्वी फिल्म असे, आता संवेदक असतो. पूर्ण आकाराचा संवेदक ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. एक सेंटीमीटरचा किडा त्या संवेदकावर एक सेंटीमीटरचाच उमटला, तर त्या प्रमाणाला एकास एक म्हणतात. अर्धा उमटला तर एकास दोन. नेहमीची ५० मिलिमीटरची लेन्स वस्तूच्या सुमारे ४५ सेंटीमीटरपेक्षा जवळ जाऊ शकत नाही आणि वस्तूचा जेमतेम सातवा हिस्सा एवढे चित्र पाडते. ‘मॅक्रो’ छापलेल्या पुष्कळ झूम लेन्स एकास तीन किंवा एकास चारवरच थांबतात. माझी फसगत झाली ती इथेच. उलटपक्षी, एक प्रसिद्ध जपानी कंपनी आपल्या खऱ्या मॅक्रो लेन्सना ‘मायक्रो’ म्हणते. तेव्हा नावावर जाऊ नये, प्रमाण पाहावे.

ही नावे आली कशी, तेही थोडे सांगतो. १९५५ साली ‘मॅक्रो-किलार’ ही लेन्स बाजारात आली आणि हातात मावणाऱ्या कॅमेऱ्याला किडामुंगीच्या जगाचे दार उघडले. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, जपानात पहिली ‘मायक्रो-निक्कोर’ निघाली. ती फुलपाखरांसाठी नव्हती, कागदपत्रांच्या सूक्ष्मचित्रांसाठी होती. जपानी लिपीतील गुंतागुंतीची अक्षरे इवल्याशा फिल्मवर स्पष्ट उतरावीत, ही तिथली अडचण. अक्षरासाठी घडवलेले भिंग पुढे फुलाच्या केसरालाही उपयोगी पडले.

मावा साधारण दोन मिलिमीटरचा. एकास एक लेन्सने तो संवेदकावर दोनच मिलिमीटर दिसेल, म्हणजे चित्राच्या रुंदीचा अठरावा भाग. तेवढा भाग कापून मोठा केला तर ओळख पटते. एकास चारच्या लेन्सने तो अर्धा मिलिमीटर उरतो. मग कापूस तेवढा दिसतो, किडा नाही. अमेरिकन लष्करी अळीचे पाहा. २०१८ साली ती भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मक्यात शिरली. तिच्या डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’ असतो आणि शेपटाकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. पूर्ण वाढलेली अळी तीन-चार सेंटीमीटरची, त्यामुळे ती सगळी टिपायला एकास दोन पुरते. पण अळी कोवळी असतानाच या खुणा हेरायच्या तर एकास एक हवी. म्हणून काय टिपायचे ते आधी ठरवावे आणि मग प्रमाण निवडावे.

दुसरा प्रश्न: एकास एक चित्र घेताना लेन्सचे तोंड वस्तूपासून किती दूर राहते? मॅक्रो लेन्स ढोबळ मानाने तीन जातींच्या असतात. ५० ते ६० मिलिमीटरची लेन्स पाच-सात सेंटीमीटरवर येते. ९० ते १०५ ची तेरा ते पंधरा सेंटीमीटरवर, आणि १८० ची सुमारे पंचवीस सेंटीमीटरवर थांबते. फूल, शेवाळ, बियांचे अंकुर, जुने नाणे, कागद यांना पळून जायचे नसते. तिथे आखूड लेन्स चालते, शिवाय ती हलकी आणि बहुधा स्वस्तही. पण पाच सेंटीमीटरवर लेन्सची सावली किड्यावर पडते आणि चतुर असेल तर तो केव्हाच उडालेला असतो. नरसोबाच्या वाडीला संगमावर उन्हात बसलेला चतुर टिपायचा तर १८० उत्तम. मात्र ती जड. हात थरथरतो, तिपाई लागते आणि बांधावर तिपाई लावेपर्यंत फुलपाखरू शेजाऱ्याच्या रानात पोहोचते. म्हणून एकच लेन्स घेणाराने ९० ते १०५ मधली घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शेतातही ती चालते, घाटातही चालते.

तिसरा प्रश्न उजेडाचा आणि खोलीचा. खोली म्हणजे चित्रात पुढे-मागे किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसते ते. पुष्कळांची समजूत असते की, आखूड लेन्स घेतली तर खोली वाढते. किडा तेवढाच मोठा घ्यायचा असेल, तर आखूड काय नि लांब काय, खोली जवळजवळ सारखीच राहते. लांब लेन्सने फक्त मागची पार्श्वभूमी कमी आणि मऊ येते. एकास एकला छिद्र एफ २.८ इतके उघडे ठेवले, तर खोली मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. एफ ११ केले तरी सव्वा ते दीड मिलिमीटर. मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर! मग छिद्र आणखी बारीक का करू नये? कारण फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळेच चित्र थोडे मऊ पडते. त्यातच एकास एकला लेन्समधून येणारा उजेड सुमारे चौथाईवर उतरतो. म्हणून मोठ्या छिद्राच्या महागड्या लेन्ससाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा एक साधा फ्लॅश घ्यावा, त्याच्यापुढे दुधी प्लास्टिकचा तुकडा लावावा आणि एफ ८ ते ११ वर काम करावे. थरथर रोखणारी यंत्रणा हाताची थरथर कमी करते. वाऱ्याने डोलणारे उसाचे पान ती थांबवू शकत नाही.

आता ज्यांच्या खिशाला हे परवडत नाही त्यांच्यासाठी. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर यांनी याच आपल्या जिल्ह्यात, कोल्हापुरात, दामल्यांच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा घडवला. विकत मिळत नाही म्हणून हात जोडून बसले असते, तर कोल्हापूरची चित्रसृष्टी उभी राहिली नसती. आपल्याला तर काही घडवायचेही नाही. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये पोकळ नळी बसवावी, तिला एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. तिच्यात काच नसते, त्यामुळे ती स्वस्त. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ ची नळी लावली की अर्ध्या प्रमाणाची भर पडते, ५० ची लावली की एकास एक. लेन्सच्या तोंडावर बसणारे जवळचे भिंगही मिळते. ते घ्यायचे तर दोन काचा जोडलेले घ्यावे, एकेरी भिंगाने कडेला रंग फाकतात. हाताने फोकस करण्याची जुनी मॅक्रो लेन्स मिळाली तर बेलाशक घ्यावी. या कामात फोकस बहुधा अंग पुढे-मागे झुकवूनच साधावा लागतो.

आपल्या गावाला एक सूचना वेगळी द्यायला हवी. २००५, २०१९, २०२१ ही साले शिरोळकरांना सांगावी लागत नाहीत. पुरात लेन्स बुडाली नाही, तरी घरातल्या ओलीने तिच्या काचेवर बुरशीची जाळी धरते. कातडी पिशवीत, कपाटात कोंडून लेन्स ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणारे सिलिका जेलचे खडे घालून ठेवावी आणि अधूनमधून वापरावी. जुनी लेन्स घेतानाही तिच्यातून विजेरीचा झोत टाकून आत जाळी नाही ना, हे पाहून घ्यावे.

आणि चित्रासाठी जीवाला त्रास देऊ नये. किडा बधिर करण्यासाठी बर्फात ठेवणे, फूल तोडून घरी आणणे, घरट्याची पाने दूर सारणे हे प्रकार करू नयेत. पहाटे दव असताना किडे आपोआपच सुस्त असतात. आपण लवकर उठावे म्हणजे झाले.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणला, तेव्हा भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी राजाचे किंवा देवाचे चित्र घेतले नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवत असताना रोज थोडे थोडे चित्रण केले. वाटाण्याचा वेल डोळ्यांदेखत वाढताना दिसला आणि मग ‘राजा हरिश्चंद्र’ला पैसा उभा राहिला. आपल्या चित्रपटाचा पाया एका अंकुराकडे धीराने, जवळून पाहण्यात आहे, हे विसरू नये.

२००९ साली आपल्याच जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या रानातून एका इवल्या पालीची शास्त्राला नव्याने ओळख झाली. तिच्या नावातच कोल्हापूर आहे: निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. जंगलातच असे घडते असे नाही. आपल्या बांधावर कोण कोण राहते, याची यादी आपल्यापैकी किती जणांकडे आहे? माझी विनंती एवढीच की, शाळेत, वाचनालयात किंवा मंडळात दहा जणांनी वर्गणी काढून एक १०० मिलिमीटरची लेन्स घ्यावी, ती पाळीपाळीने वापरावी आणि प्रत्येक चित्रामागे तारीख, पीक आणि शेताची दिशा लिहून ठेवावी. पुढच्या वेळी एखादा नवा किडा पानावर दिसला, तर फवारणीच्या आधी ते चित्र जाणकाराच्या हातात पडेल.

तात्या आता नाहीत. ते कापसाचे फोटो मी जपून ठेवले आहेत. नव्या माणसाला लेन्स निवडून देताना आधी तेच दाखवतो आणि मग दुकानात नेतो.