नाण्यांची प्रतवारी

एखादे जुने नाणे अस्सल आहे की नकली, हा प्रश्न एकदा सुटला म्हणजे संग्राहकापुढे लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : ते कोणत्या स्थितीत आहे? किमतीचा पुष्कळसा खेळ या दुसऱ्या प्रश्नावर चालतो. पूर्वी त्याचे उत्तर शब्दांत देत असत. ‘फेअर’, ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ आणि शेवटी चलनात कधी न आलेले, अशा इंग्रजी वहिवाटीच्या पायऱ्या होत्या. आपल्याकडील संग्राहकांनीही त्याच उचलल्या. यातली गंमत अशी, की व्यवहारात ‘फाइन’ म्हणजे उत्तम. नाण्यांच्या बाजारात मात्र ‘फाइन’ म्हणजे चांगलेच झिजलेले! नवख्या माणसाला हा भेद कळेपर्यंत त्याचे दोन-चार सौदे होऊन गेलेले असतात.

शब्दांची जागा अंकांनी घेतली ती अमेरिकेत. डॉ. विल्यम शेल्डन हे मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीरयष्टीची वर्गवारी करून प्रत्येक प्रकाराला एक ते सात गुण देण्याची पद्धत त्यांनीच काढली. माणसांनंतर नाण्यांची पाळी आली, यात नवल नाही. १७९३ ते १८१४ या काळातील अमेरिकेच्या तांब्याच्या मोठ्या सेंटांवर त्यांनी १९४९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात १ पासून ७० पर्यंतची एक मोजपट्टी मांडली. कसेबसे ओळखू येणारे नाणे १, आणि टाकसाळीतून निघाले तसेच निर्दोष राहिलेले नाणे ७०.

आता हा ७० आकडा आला कोठून? तो नाण्याच्या अंगावरून आलेला नव्हता, बाजारभावावरून आलेला होता. १ प्रतीच्या नाण्याला एक डॉलर पडत असेल, तर २० प्रतीच्या त्याच नाण्याला वीस आणि ७० प्रतीच्या नाण्याला सत्तर डॉलर पडावेत, असा शेल्डन यांचा हिशेब होता. म्हणजे प्रत आणि किंमत ही एकाच त्रैराशिकात बसवलेली होती. पुढे भाव बदलले आणि ते त्रैराशिक मोडले. आकडे मात्र राहिले! १९७७ साली अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने हीच पट्टी देशातील सर्व नाण्यांसाठी स्वीकारली. केवळ एका धातूच्या आणि वीस-बावीस वर्षांतल्या नाण्यांसाठी आखलेले हे माप मग सोन्याला लागू झाले, चांदीलाही लागू झाले.

त्यानंतर पट्टीवरची घरे वाढू लागली. चलनात न आलेल्या नाण्यांसाठी आरंभी ६०, ६५ आणि ७० अशा तीनच पायऱ्या होत्या. मग ६३ आणि ६७ आल्या. ऐंशीचे दशक सरण्यापूर्वी ६० ते ७० मधील अकराही आकडे वापरात आले. १९८६ आणि १९८७ साली दोन खाजगी संस्थांनी नाणी तपासून, आकडा ठरवून, ती प्लास्टिकच्या डबीत कायमची बंद करून देण्याचा व्यवसाय सुरू केला. तेव्हापासून लोक नाणे विकत घेतात की डबीवरचा आकडा विकत घेतात, असा प्रश्न पडावा इतके त्या आकड्याचे माहात्म्य वाढले.

पट्टी हलली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी मॉर्गन डॉलर हे चांदीचे नाणे घ्यावे. १८७८ पासून १९०४ पर्यंत, आणि पुन्हा १९२१ साली, ही नाणी पडली. त्यातली कित्येक कधी बाजारात आलीच नाहीत. सरकारी खजिन्यात हजार-हजारांच्या थैल्यांत पडून राहिली आणि १९६२ ते १९६४ च्या सुमारास लोकांच्या हाती लागली. ही नाणी हाताने झिजलेली नाहीत. पण थैलीत एकमेकांवर आपटून त्यांच्या गालावर ओरखडे आलेले आहेत. ते किती, कोठे आणि किती खोल, यावर ६३, ६४ की ६५ हे ठरते. दोन जाणती माणसे येथे सहज एका पायरीने चुकू शकतात. एवढेच नव्हे, तर एकच माणूस सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे सांगू शकतो. आणि ६४ व ६५ यांमध्ये किमतीचा फरक मात्र कित्येकदा दुपटी-तिपटीचा असतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कसोटी कडक झाली. आदल्या वर्षांत ६५ म्हणून घेतलेली नाणी विकायला काढली तेव्हा ६३ ठरू लागली. नाण्यावर एकही नवा ओरखडा उमटला नव्हता. पण ज्याने आपली शिल्लक त्यात घातली होती, त्याची पुंजी कागदावर निम्मी झाली. व्यापाऱ्याला हा फटका तितका बसत नाही; त्याचा माल फिरता असतो. बसतो तो वीस वर्षे नाणी कपाटात जपून ठेवणाऱ्या साध्या संग्राहकाला, आणि त्याच्या मागे त्याच्या बायकामुलांना, ज्यांच्या हाती फक्त जुन्या पावत्या असतात.

पुढे उलटे झाले. कसोटी हळूहळू सैल होत गेली, अशी जाणकारांची तक्रार आहे. लोक नाणी डबीतून फोडून पुन्हा पुन्हा तपासायला पाठवू लागले. एकदा तरी वरचा आकडा लागेल ही आशा. एकच नाणे तीन वेळा मोजले गेले म्हणजे संस्थेच्या नोंदीत तीन नाणी दिसतात, आणि दुर्मिळतेचा हिशेबही बिघडतो. याचा एक मासलेवाईक परिणाम असा, की पहिल्या वर्षांतील जुन्या डब्यांना आता जादा भाव येतो. त्या वेळची परीक्षा कडक होती, असा समज आहे.

२०१० साली आणखी अर्धी पायरी आली. ६४ च्या वरच्या टोकाला असलेल्या नाण्यापुढे अधिकचे चिन्ह लावू लागले. दिसायला ही सुधारणाच. पण जे नाणे कालपर्यंत नुसते ६४ होते, ते आज ‘अधिक नसलेले ६४’ झाले. जुन्या डबीतल्या नाण्याला ते चिन्ह मिळण्याची सोयच नव्हती, हे घेणारा लक्षात घेतोच असे नाही. पट्टीवर नवी खूण केली, की तिच्या खालच्या सर्वांवर न बोलता शेरा मारला जातो.

मोजपट्टी सरळ शंभराची करावी, अशीही सूचना अधूनमधून निघते. आपल्याला याचा अनुभव नवा नाही. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पण कोष्टकात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा आणि तीन आण्यांना एकोणीस. पाव-अर्धा पैसा कोठे तरी जिरला. तेथे निदान सरकारी कोष्टक होते. सत्तरातले ६५ शंभरात नेले तर ब्याण्णव आणि त्र्याण्णव यांच्यामध्ये येतात. मग ब्याण्णव कोणाला आणि त्र्याण्णव कोणाला? प्रत्येक नाणे पुन्हा पाहावे लागेल, आणि प्रत्येक वेळी शुल्क संग्राहकानेच भरायचे.

आपल्याकडची नाणीही आता या डब्यांत बंद होऊ लागली आहेत. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया यंत्रावर पाडलेला. त्याला हा आकडा एक वेळ शोभेल. पण शिवराई? हातोड्याने पाडलेल्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. परंतु ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे एखादे अक्षर बाहेरच राहून जाते. ‘शि’ दिसत नाही तो झिजून गेला म्हणून, की मुळात उमटलाच नाही म्हणून? एका आकड्यात या दोन गोष्टी वेगळ्या सांगता येत नाहीत. प्राचीन नाण्यांच्या बाबतीत एका अमेरिकन संस्थेने प्रतीसाठी जुने शब्दच कायम ठेवून ठसा आणि पृष्ठभाग यांना पाचांपैकी वेगवेगळे गुण देण्याची रीत ठेवली आहे. मला ती अधिक प्रामाणिक वाटते.

पुन्हा शेल्डन यांच्याकडे वळतो. १९७७ सालीच ते वारले. त्यानंतर असे उघडकीस आले, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील कित्येक उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागी त्यांनी आपल्याजवळची हलकी नाणी ठेवली होती. हे कळले ते त्या नाण्यांची जुनी छायाचित्रे ताडून पाहिल्यामुळे.

म्हणून माझ्या वहीत मी आकडा लिहितो, तो कोणी दिला आणि कोणत्या वर्षी दिला हेही लिहितो, आणि त्याच्याखाली दोन ओळी नाण्याविषयी : वजन इतके, राणीच्या गालावर झीज, मुकुटातील रत्ने स्पष्ट, मागच्या बाजूस सालाखाली एक आडवा ओरखडा. त्याच पानाला छायाचित्र चिकटवलेले असते.