शस्त्रक्रियेनंतरचीं पावलें

(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या व्याख्यानमालेंत आम्हां आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या मंडळीस बोलावयास सांगण्यांत आलें, तेव्हां विषय शोधीत बसावें लागलें नाहीं. पुणें शहरांतील आपल्या ह्या धर्मग्रामांत साठी-सत्तरी उलटलेलीं माणसें पुष्कळ आहेत. त्यांतील कोणाचा गुडघा बदलला जातो, कोणाच्या खुब्याचें हाड मोडतें, कोणाच्या हृदयावर शस्त्रक्रिया होते. शस्त्रक्रिया पार पडते, टांके निघतात, रुग्णास घरीं आणतात, आणि खरा प्रश्न तेथून पुढें उभा राहतो. तो हा कीं, हें माणूस पुन्हा चालूं लागावें कसें? अलीकडे ह्या कामीं मनगटावर किंवा घोट्यावर बांधावयाचा, पावलें मोजणारा एक लहानसा पट्टा उपयोगांत येऊं लागला आहे. त्याचे गुण आणि त्याच्या मर्यादा आपणांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

आपल्या घरांत आजाऱ्यावरील माया बहुधा एकाच रीतीनें प्रकट होते. "आई, तुम्ही उठूं नका, हवें तें आम्ही हातांत आणून देतों," असें सून म्हणते. पाण्याचा तांब्या उशाशीं येतो, जेवणाचें ताट खाटेवर येतें. शेजारीण समाचारास येते तीही "पडून राहा हो मावशी" असें सांगून जाते. ह्या मायेस नांवें ठेवण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. परंतु म्हाताऱ्या शरीरास ती फार महाग पडते. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनांत धडधाकट अशा वृद्ध स्त्रीपुरुषांस केवळ परीक्षेसाठीं दहा दिवस अंथरुणांत ठेविलें होतें. त्यांस रोग नव्हता, जखम नव्हती. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारें एक किलो मांस झडलें. मग ज्याच्या अंगावर शस्त्र चाललें आहे आणि ज्याला दोन घांसही गोड लागत नाहींत, त्याची काय अवस्था होत असेल? शिवाय पडून राहिल्यानें पायाच्या शिरांत रक्त गोठतें, फुफ्फुसांत कफ सांचतो, पाठीस व्रण पडतात. मन खचतें तें निराळेंच. खुब्याचें हाड मोडलेल्या वृद्धांपैकीं पांचांतील एक, कोठें कोठें त्याहूनही अधिक, वर्षाच्या आंत दगावतात, असा निरनिराळ्या देशांतील अनुभव आहे. सगळेच न चालल्यामुळें जातात असें नव्हे. परंतु अंथरूण धरणें हें त्यांतील एक मोठें कारण होय.

डॉक्टरांचीही एके काळीं विश्रांतीविषयीं हीच समजूत होती. १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं आपल्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक ह्यांनीं महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. गांधीजी तेव्हां येरवड्याच्या तुरुंगांतील कैदी होते. वादळांत वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडांत काम पुरें करावें लागलें, ही कथा पुणेकरांस ठाऊक आहे. तिचा पुढचा भाग मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. ५ फेब्रुवारीस त्यांची सुटका झाली, तरी मार्च महिना उजाडेपर्यंत ते ससूनमध्येंच होते, आणि तेथून विश्रांतीसाठीं जुहूस गेले. त्यांची प्रकृति सावरण्यास वेळ लागला हें खरें. पण पोटाच्या साध्या शस्त्रक्रियेनंतरही आठवडा दोन आठवडे खाट न सोडणें हा त्या काळचा सर्वसाधारण नियमच होता. पुढें सहा वर्षांनीं, साठी उलटलेली असतां, हेच गृहस्थ साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारें ३८५ किलोमीटर पायीं गेले, हें येथें जातां जातां सांगावेंसें वाटतें.

रोग्यास लवकर उठवावें, असें शिकागोच्या एमिल रीस ह्या शल्यवैद्यानें १८९९ सालींच सांगितलें होतें. पण त्याचें म्हणणें फारसें कोणी मनावर घेतलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत खाटा अपुऱ्या पडल्या, शिपायांस लवकर उठवावें लागलें, आणि तीं माणसें बिघडण्याऐवजीं सुधारलीं, तेव्हां डॉक्टरांचे डोळे उघडले. १९४७ च्या डिसेंबरांत लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर ह्या डॉक्टरानें अंथरुणाचे धोके सांगणारा एक खुमासदार लेख लिहिला. लेखाच्या शेवटीं त्यानें एका प्रसिद्ध स्तोत्राचें विडंबन केलें आहे. फादरांनीं त्याची क्षमा करावी. आज गुडघा बदललेल्या रुग्णास त्याच दिवशीं, नाहीं तर दुसऱ्या दिवशीं, उभें करितात. ज्ञान बदललें, घरांतील समजूत मात्र अजून १९२४ सालीं आहे तेथेंच आहे.

येथें पट्ट्याचा उपयोग होतो. त्याच्या पोटांत एक अगदीं बारीक यंत्र असतें. पाय किंवा हात हालला, वेग वाढला वा मंदावला, कीं तें त्या यंत्रास कळतें, आणि चालण्याचा विशिष्ट हेलकावा ओळखून तें एक एक पाऊल मोजतें. मोजण्यानें काय साधतें, असें कोणी विचारील. प्रथम साधतें तें हें कीं, खरें काय तें दिसतें. घरच्यांस विचारलें तर "चालतात कीं थोडें थोडें" असें उत्तर येतें. अमेरिकेंतील एका रुग्णालयांत पासष्टीपुढील ४५ रुग्णांच्या मांडीस व घोट्यास अशीं यंत्रें बांधलीं होतीं. त्याचा वृत्तांत २००९ सालीं छापून आला. हीं माणसें दवाखान्यांत येण्यापूर्वीं आपल्या पायांनीं चालत होतीं. तरी तेथील वेळापैकीं शेंकडा ८३ भाग त्यांनीं निजून काढला, आणि दिवसाकांठीं पाऊण तासही तीं पायांवर नव्हतीं. पुढें २०१३ सालीं मेयो क्लिनिकनें हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या, पन्नाशीपुढील सुमारें दीडशें रुग्णांच्या घोट्यास फिटबिट नांवाचा पट्टा बांधून पाहिला. पहिल्या कांहीं दिवसांत ज्यांचीं पावलें अधिक पडलीं, ते लवकर घरीं गेले. अर्थात्, जो मुळांत बरा तोच अधिक चालला असेल, हेंही ध्यानांत ठेवावयास हवें. तथापि कोणता रुग्ण मागें पडतो आहे हें दुसऱ्याच दिवशीं डॉक्टरांस कळणें, हा लाभ थोडा नव्हे.

आतां ह्या पट्ट्याच्या खोडी. तो तरुणांसाठीं, झपझप चालणारांसाठीं घडविलेला आहे. आपले आजोबा दोन्ही हातांनीं वॉकर धरून, पाऊल न उचलतां घासत घासत चालतात, तेव्हां त्यांचें मनगट हालतच नाहीं. मग शंभर पावलें चालून आलें तरी पट्टा वीस-तीसच दाखवितो. अशा वेळीं बिचारा म्हातारा हिरमुसतो. म्हणून वॉकर असेतोंवर पट्टा घोट्यावर बांधावा, तोही ज्या पायास शस्त्र लागलें नाहीं त्या पायास, आणि सैलसर. मधुमेह असल्यास त्याखालची कातडी रोज पाहावी. पहिल्या दिवशीं कोणी तरी मोठ्यानें वीस पावलें मोजावीं आणि पट्टा किती सांगतो तें ताडून पाहावें. थोडा फरक राहिला तरी हरकत नाहीं. रोज सारखाच चुकणारा पट्टाही काल व आज ह्यांतील अंतर बरोबर सांगतो.

दुसरी खोड दहा हजारांची. पट्टा विकत घेतला कीं तो पहिल्याच दिवशीं बहुधा दहा हजार पावलांचें लक्ष्य पुढें ठेवितो. हा आंकडा कोण्या वैद्यानें ठरविलेला नाहीं. १९६५ सालीं जपानच्या यामासा कंपनीनें एक पाऊलमापक बाजारांत आणला आणि त्याचें नांवच 'दहा हजार पावलें मोजणारा' अशा अर्थाचें ठेविलें. तेथून हा आंकडा जगभर गेला. २०१९ सालीं सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांविषयींचें संशोधन प्रसिद्ध झालें. त्यांचें सरासरी वय ७२ होतें. त्यांत रोज सुमारें २,७०० पावलें चालणारींपेक्षां ४,४०० चालणारींत मृत्यु कमी आढळले, आणि साडेसात हजारांपुढें विशेष अधिक लाभ दिसला नाहीं. ह्या तर शस्त्रक्रिया न झालेल्या बाया. नुकत्याच दवाखान्यांतून आलेल्या आजीबाईंपुढें दहा हजारांचा डोंगर ठेवणें म्हणजे वॉकर हातांत देऊन त्यांस पर्वतीच्या पायथ्याशीं नेऊन सोडणें होय. त्यांचें लक्ष्य त्यांच्याच कालच्या आंकड्यावरून ठरावें. पहिले दोन-तीन दिवस नुसतें पाहावें. सरासरी ३०० निघाली तर पुढील आठवड्यांत ३३०, फार तर ३५०. तींही एका दमांत नव्हेत. सकाळचा चहा, जेवण, दुपारची झोंप, ह्या प्रत्येकानंतर एक-दोन फेऱ्या, असें वांटून घ्यावें.

तिसरी खोड यंत्राची नव्हे, आपली आहे. एका घरचा मुलगा परदेशांत नोकरीस. त्यानें आईस पट्टा पाठविला, आणि तिचीं पावलें त्यास तेथें मोबाइलवर दिसत. रोज रात्रीं फोन येई, "आज दोनशेंच कां?" बाईंनीं चार दिवस ऐकून घेतलें. पांचव्या दिवसापासून आंकडा पांच हजारांवर गेला. मुलास धन्यता वाटली. आम्ही भेटीस गेलों तों पट्टा अंगणांत खेळणाऱ्या नातवाच्या हातांत! हांसूं आलें, परंतु बाईंचें कांहीं चुकलें असें आम्हांस वाटलें नाहीं. आंकडा ज्याचा त्याच्या मालकीचा असावा. तो कोणास दाखवावयाचा तें त्यानेंच ठरवावें. हे आंकडे कंपनीकडेही जातात, हेंही मोबाइल जोडण्यापूर्वीं वृद्धांस समजावून सांगितलें पाहिजे.

नुसता पट्टा बांधल्यानें माणूस चालूं लागतो काय? आमचा अनुभव नाहीं असें सांगतो, आणि संशोधनही फारसें निराळें सांगत नाहीं. बोस्टन येथें गुडघा बदललेल्या सुमारें २०० रुग्णांस पट्टे दिले होते. २०१८ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांस पट्ट्याबरोबर कोणी तरी नियमानें फोन करून विचारपूस करी आणि शिवाय लहानसें बक्षीसही मिळे, त्यांचीं पावलें सर्वांत अधिक वाढलीं. बक्षिसें देण्याइतका पैसा आमच्याजवळ नाहीं. विचारपूस मात्र फुकट आहे. म्हणून आम्हीं भेटीची रीत थोडी बदलली आहे. पूर्वीं आम्ही खाटेशेजारीं खुर्चीवर बसून बोलत असूं. आतां "चला काका, गॅलरीपर्यंत जाऊन येऊं" म्हणून हात पुढें करितों आणि चालतां चालतां बोलतों. त्या दिवसाचा आंकडा भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटींत रुग्णानें स्वतःच्या हातानें लिहावा, असा आमचा आग्रह असतो. त्या चौकटी भरत गेल्या म्हणजे "पडून राहा" म्हणणाऱ्या शेजारणीस उत्तर देण्यास आजींजवळ लेखी पुरावा असतो! ज्यांजवळ पट्टा नाहीं त्यांचेंही अडत नाहीं. एक आजी गॅलरींतील फेऱ्या माळेच्या मण्यांवर मोजतात. त्यांच्या हिशेबांत आजवर चूक निघालेली नाहीं.

कांहीं पथ्यें मात्र कडक आहेत. मोडलेल्या हाडावर किती भार द्यावयाचा, हें डॉक्टर सांगतील तेंच खरें. पट्ट्यास तें कळत नाहीं. छातींत दुखलें, दम लागून बोलवेनासें झालें, घेरी आली, एका पायाची पोटरी सुजून दुखूं लागली किंवा जखमेंतून पाणी आलें, तर चालणें थांबवावें आणि त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. सपाता घालून चालूं नये. मागें पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल असावी. रात्रीं न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवावा आणि वाटेंतील सतरंज्या, पायपुसणीं उचलून घ्यावीं. जिना चढण्याउतरण्याची घाई फिजिओथेरपिस्टनें शिकविल्यावांचून करूं नये. लिफ्ट नसलेल्या घरांत तिसऱ्या मजल्यावर राहणारांनीं तोंवर घरांतल्या घरांतच फेऱ्या माराव्या.

आमच्या मंडळीजवळ सध्यां असे दोन पट्टे आहेत. ते सहा आठवड्यांसाठीं वापरावयास मिळतात, आणि मोबाइल न जोडतांही आंकडा दाखवितात. ज्यांच्या घरीं नुकतीच कोणाची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा व्हावयाची आहे, त्यांनीं रविवारीं मिस्सेनंतर दाराशीं आम्हांस भेटावें. शस्त्रक्रियेपूर्वींच आलांत तर अधिक बरें, म्हणजे बऱ्या दिवसांतला आंकडा आधीं लिहून ठेवितां येईल.