अक्षर अडले, पुस्तक अडू नये



आपण मोठेपणी अक्षरे शिकलो. पहिल्या दिवशी पाटी कशी वाटली, आठवते ना? नुसत्या रेघोट्या! काही पोरांची ही अडचण वर्षानुवर्षे सुटत नाही. मास्तर समजावतात, बाप रागावतो, तरी जोडाक्षर आले की गाडी अडते. पण तेच पोर एकदा ऐकलेली गोष्ट घडाघडा सांगते. लोक त्याला ढ म्हणतात. ते ढ नाही. त्याच्या मेंदूची घडण निराळी आहे. अक्षराची आवाजाशी सांगड चटकन बसत नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात.

दुसरे एखादे पोर आपल्याच तंद्रीत असते. हाकेला ओ देत नाही. गोंगाट झाला की कान झाकते. रोजचा क्रम मोडला की रडते. ही स्वमग्नता. ही नजर नव्हे, करणी नव्हे, आणि आईची हयगय तर नव्हेच नव्हे.

मग या पोरांनी पुस्तकापासून दूर राहायचे काय? मुळीच नाही. डोळ्याने जमत नसेल तर कानाने वाचावे!

पूर्वी पुस्तकाची बोलकी प्रत काढायला प्रकाशकाची परवानगी लागे. २०१२ साली कायदा बदलला. दिव्यांगांसाठी अशी प्रत काढण्याची मुभा मिळाली. मग २०१६ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने 'सुगम्य पुस्तकालय' सुरू केले. छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांचे हे ग्रंथालय. त्यातली पुस्तके मोबाईलवर ऐकता येतात. सभासद होताना दाखला लागतो.

दाखला कुठे मिळेल? शिकण्याची अडचण तपासणारे केंद्र मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात आहे. मुलुंड-घाटकोपरची माणसे मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने शीवला उतरतात. अंधेरी-बोरिवलीकरांना मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय सोयीचे. तुमचे भाऊबंद तिकडे राहत असतील, तर त्यांना हे जरूर कळवा. दाखल्याचा शाळेतही उपयोग होतो. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. महाराष्ट्राने १९९६ सालीच या सवलती दिल्या.

दाखला नसला तरी वाट बंद नाही. 'प्रथम बुक्स'ने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' सुरू केले. त्यावर मराठी चित्रकथा फुकट वाचता येतात.

आता जवळच्या वाचनालयाचे. ग्रंथपालाला भिऊ नका. सरळ सांगा, "दादा, आमच्या पोराला गर्दी सोसत नाही. गर्दी कमी असेल ती वेळ सांगा. एक शांत कोपरा द्या. मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तके दाखवा." ही भीक नाही, हक्क आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ झाले. स्वमग्नता आणि शिकण्याची अडचण, दोन्ही त्यात आहेत.

घरीही एक काम करा. रोज ठरल्या वेळी पोराला जवळ घ्या. ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचा. तुम्ही सावकाश वाचता, अडखळता, त्याची लाज नको. सावकाश वाचणाराच या पोराला हवा असतो. अडलात तर त्याच्यासमोरच पुन्हा वाचा. आई-बापही अडतात आणि पुढे जातात, हे त्याला कळू द्या.

येत्या रविवारी वाचनालयात जाल, तेव्हा त्याला घरी ठेवू नका. हाताला धरून घेऊन जा.