प्रॉव्हिडन्सची उन्हाळी चित्रशाळा

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात 1876 साली मोठं प्रदर्शन भरलं. ते संपल्यावर ऱ्होड आयलंडच्या महिला समितीकडे 1,675 डॉलर उरले. त्या शिलकीतून 1877 मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात कलाशाळा निघाली, ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन. आज उन्हाळ्यात तिथे 16 ते 18 वर्षांची मुलं काही आठवडे राहून शिकतात.

रेखाटन आणि डिझाइनची मूलतत्त्वं सगळ्यांनाच; शिवाय ॲनिमेशन, फॅशन असा आवडीचा एक विषय. कोळशाने रेखाटन करायचं, बोटं काळी होईपर्यंत. मग कागद भिंतीवर लागतात आणि सर्वांदेखत चर्चा होते. ‘छान आहे’ म्हणून सुटका नाही. रेष इथेच का थांबवली, ते सांगावं लागतं. घरच्या कौतुकात वाढलेल्या मुलांना हे झोंबतं, पण माझ्या मते फीचे पैसे वसूल होतात ते इथेच.

या कलाशाळेची नेचर लॅब तर बघण्यासारखी. एडना लॉरेन्स या शिक्षिकेने ती 1937 मध्ये सुरू केली. शिंपले, बिया, सांगाडे, पेंढा भरलेले पक्षी समोर ठेवून चित्र काढायचं, फोटोवरून नाही.

आता व्यवहाराचं बोलू. फी भरमसाट आहे. तिकडचा उन्हाळा जून-जुलैचा, तेव्हा आपल्याकडे वर्ग सुरू झालेले असतात. आणि हा कोर्स केला म्हणून पुढे पदवीला प्रवेश मिळेलच, असं नाही. हाती येतो तो पोर्टफोलिओ. परदेशी कलाविद्यालयं बहुधा अर्जासोबत तो मागतातच.